टश पुश बंद करायचा तर कारण नीट सांगा

नमस्कार मंडळी! आज जरा अमेरिकन फुटबॉलवर बोलूया, म्हणजे एनएफएल, आणि तिथे सीझन संपला की नियमांवरून जी भांडणं लागतात त्यावर. 32 टीम्स आहेत, नियम बदलायचा तर 24 मतं लागतात. मे 2025 मध्ये ग्रीन बे पॅकर्सनी प्रस्ताव आणला की टश पुश, म्हणजे बॉलवाल्याला मागून ढकलायचा डाव, बंद करा, 22 टीम्स बाजूने, 10 विरोधात, दोन मतांनी पडला. आणि गंमत बघा, त्याच जानेवारीत प्लेऑफमध्ये फिलाडेल्फिया ईगल्सनी याच पॅकर्सना हरवलं होतं तो स्कोअरपण 22-10 च!

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पुढचा टप्पा गाठायला एखादा यार्ड उरलेला असतो, ईगल्सचा क्वार्टरबॅक (टीमचा डाव चालवणारा खेळाडू) जेलन हर्ट्स बॉल हातात घेऊन थेट समोरच्या गर्दीत घुसतो आणि मागे उभे असलेले दोघं-तिघं त्याला ढुंगणाला रेटा देऊन पुढे ढकलतात, बस्स, धक्कास्टार्ट गाडीसारखं. दिसायला कुरूप आहे, मान्य. पण थांबवता येत नाही ना कुणाला! जानेवारी 2025 ची वॉशिंग्टनविरुद्धची मॅच आठवा, त्यांचा फ्रँकी लूवू बॉल हलायच्या आधीच लाइनवरून उडी मारून पलीकडे, दंड झाला, परत तेच, शेवटी रेफ्रीने माइकवर सांगितलं की असंच चालू राहिलं तर समोरच्या टीमला सरळ पॉइंट्स देऊन टाकू. एवढे हतबल झालेले प्रोफेशनल खेळाडू मी तरी क्वचितच बघितलेत.

आता म्हणतात की हा खेळच नाही, ही नुसती रेटारेटी. अहो, पण पूर्वी मागून ढकलायला बंदीच होती की, 2005 मध्ये लीगनेच ती उठवली, रेफ्रींना ठरवणं जड जात होतं म्हणून. वीसेक वर्षं कुणाला काही वाटलं नाही, एका टीमला जमलं आणि लगेच पोटात दुखायला लागलं.

तसं ज्याचं जळतं तोच प्रस्ताव आणतो, त्यात चूक काहीच नाही. कॅन्सस सिटी चीफ्स जानेवारी 2019 मध्ये ओव्हरटाइमला हरले, त्यांच्या ऑफेन्सला, म्हणजे पॉइंट्स करणाऱ्या खेळाडूंना, बॉल मिळालाच नाही, म्हणून त्यांनी नियम बदला म्हटलं, कुणी ऐकलं नाही. मग जानेवारी 2022 मध्ये बफेलोविरुद्ध तेच चीफ्स ओव्हरटाइमचा टॉस जिंकले, टचडाऊन मारला (बॉल गोललाइनपलीकडे नेला), 42-36, मॅच खल्लास, आणि तिकडे बफेलोचा क्वार्टरबॅक जॉश ॲलन साइडलाइनवर हात बांधून बघतोय. तेव्हा कुठे 29-3 ने प्लेऑफचा नियम बदलला आणि दोन्ही टीम्सना बॉल मिळायला लागला, 2025 पासून रेग्युलर सीझनलापण. हा बदल मला शंभर टक्के पटतो, कारण कुठलीही टीम असो, टॉसवर नशीब ठरणं वाईटच.

उलट न्यू ऑर्लिन्स सेंट्सचं बघा. 2019 च्या त्या सेमीफायनलला समोरच्या रॅम्स टीमच्या खेळाडूने सेंट्सच्या रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, बॉल यायच्या आधीच धडक दिली, सगळ्या स्टेडियमला दिसलं, रेफ्रीला नाही. ओरड झाली, घाईघाईत पास इंटरफिअरन्सपण, म्हणजे असा झेलणाऱ्याला केलेला अडथळा, व्हिडिओवर तपासायचं ठरलं, आणि एका सीझनमध्ये त्याचा असा काही विचका झाला की 2020 ला गुपचूप गुंडाळून टाकलं. एका मॅचच्या रागात केलेला नियम होता तो, दुसरं काय.

मग टश पुश यातल्या कुठल्या खात्यात जातो? खेळाडूंना इजा होत असेल तर आकडे ठेवा समोर, उद्या बंद करा, माझी हरकत नाही. पण नुसतं बघवत नाही हे काही कारण झालं नाही. एक तक्रार मात्र खरी आहे, ईगल्सचे लाइनमन (पुढच्या रांगेतले खेळाडू) कधीकधी बॉलच्या आधी हलतात आणि ते सुटून जातं, 2025 च्या सप्टेंबरात चीफ्सविरुद्ध तर रिप्लेमध्ये स्वच्छ दिसलं. पण त्याला नवा नियम कशाला हवाय, फॉल्स स्टार्टचा दंड आधीपासून आहेच, पाच यार्ड मागे. तेवढा फ्लॅग टाका म्हणजे झालं.