दुःशासनाचं मानधन

नमस्कार श्रोतेहो. आज गप्पा 'जाने भी दो यारो'च्या, 1983 सालच्या. पैसा एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, सरकारी, आणि तोही बेताचा. सात लाखांच्या आत सगळा सिनेमा उरकायचा होता. त्यामुळे त्याच्या पडद्यामागच्या गोष्टी म्हणजे काटकसरीच्याच गोष्टी, पण ऐकायला मोठ्या मजेच्या.

दिग्दर्शक कुंदन शाह पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकलेले. दोन कफल्लक फोटोग्राफर नायकांची नावं त्यांनी युनिटमधूनच उचलली, विनोद चोप्रा आणि सुधीर मिश्रा! नसीरुद्दीन शाह यांच्या हातातला कॅमेराही भाड्याचा नव्हे, त्यांच्या स्वतःच्याच मालकीचा. विधू विनोद चोप्रा प्रॉडक्शन सांभाळत होते. सिनेमाच्या शेवटी नायक मढं लपवत एका चालू नाटकात घुसतात, त्या महाभारताच्या प्रवेशात दुःशासन हवा होता, बाहेरून नट आणायचा तर पैसे मोजा. मग चोप्रांनीच पोशाख चढवला आणि द्रौपदीच्या पदराला हात घातला.

आणि त्या पदराआड कोण, तर सतीश शाह, म्हणजे कमिशनर डिमेलोचं मढं! मला विचाराल तर सिनेमातलं सगळ्यात अवघड काम हेच. चेहरा हलवायचा नाही, संवाद नाही, समोर भीम-दुर्योधनाची हमरीतुमरी चाललेली, आंधळा धृतराष्ट्र पुन्हा पुन्हा विचारतोय की हे चाललंय तरी काय, आणि आपण हसायचं नाही. त्याआधी रस्त्यावर पडलेल्या शवपेटीत तो ताठ बसलेला असतो. दारूच्या तारेत ओम पुरींचा बिल्डर आहुजा त्या पेटीला बंद पडलेली मोटार समजतो आणि मढ्याशी चक्क गप्पा मारतो. आता सांगा, त्या जोडीत जास्त अभिनय कोणाचा?

नसीरुद्दीन मात्र तर्काला धरून चालणारे नट. एकाच खोलीत उभी असलेली दोन माणसं एकमेकांशी फोनवर बोलतातच कशी, हे त्यांना काही केल्या पटेना. कुंदन शाह हटले नाहीत. बरं झालं!

आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट राहिलीच. 'ती फुलराणी'तली आपली मंजुळा, भक्ती बर्वे, इथे 'खबरदार'ची संपादक शोभा सेन झाली. गोड बोलून गळा कापणारी बाई. मराठी रंगभूमीवरून तिला ओळखणाऱ्या प्रेक्षकांना तो चांगलाच धक्का होता.

धक्का अनुपम खेर यांनाही बसला, पण वेगळा. त्यांनी 'डिस्को किलर' नावाच्या मारेकऱ्याची भूमिका केली होती. चित्रीकरणही झालं होतं. संकलनात ती सगळीच्या सगळी गळाली. पुढच्याच वर्षी 'सारांश' आला आणि ऐन तारुण्यातला हा नट लोकांना माहीत झाला तो मुंबईतल्या प्रधान नावाच्या निवृत्त मराठी मास्तरांच्या रूपात.