लाटांच्या फाइली आणि रूपांतराचे पर्याय

मित्रहो, रत्नागिरीत बसून लाटांच्या सिम्युलेशनवर काम करणाऱ्याला मॉडेल कसे चालवायचे हे शिकवले जाते. पण मॉडेल संपल्यावर हाती आलेली फाइल दुसऱ्याच्या उपयोगी पडेल अशा रूपात कशी द्यायची, हे सहसा कोणी शिकवत नाही. आज मी त्याच टप्प्याविषयी बोलणार आहे. माझे म्हणणे असे की रूपांतर म्हणजे नक्कल नव्हे. कमांडमध्ये जो पर्याय आपण लिहीत नाही, त्याचा निर्णय प्रोग्रॅम आपल्या वतीने घेऊन टाकतो, आणि तो निर्णय आपल्या कामाला मानवेलच असे नाही.

उदाहरणासाठी निसर्ग चक्रीवादळ घेऊ. ३ जून २०२० रोजी ते रायगडच्या किनाऱ्यावर आले. समजा, २७ मे ते ५ जून अशा १० दिवसांच्या लाटा आपण स्वॉन या मॉडेलने काढल्या, दक्षिणोत्तर ६०० आणि पूर्वपश्चिम ४०० खणांची जाळी घेतली आणि दर तासाची लाटेची उंची नेटसीडीएफ फाइलमध्ये, म्हणजे आकडे त्यांच्या परिमाणांसह आणि एककांसह ठेवणाऱ्या फाइलमध्ये, साठवली. २४० तासांची मिळून ५ कोटी ७६ लाख मूल्ये होतात आणि प्रत्येकी ४ बाइट धरल्या तर सुमारे २३ कोटी बाइट. आता कोणी म्हणाले की हे सारे एक्सेलमध्ये द्या, तर तिथे एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळीच मावतात. म्हणून आधी विचारावे, की समोरच्याला नेमके काय हवे आहे. बंदराचे काम पाहणाऱ्या अभियंत्याला रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराच्या तोंडाशी लाट तासातासाने किती चढली एवढेच पुरते. जिल्ह्याच्या नकाशावर पट्टे दाखवणाऱ्याला जिओटिफ, म्हणजे नकाशावरचे स्थान सोबत ठेवणारी चित्रफाइल, लागते.

कोणत्याही रूपांतरापूर्वी एनसीडम्प ही कमांड डॅश एच लावून चालवावी. मूल्ये न छापता ती फाइलचे फक्त मथळे दाखवते: परिमाणे कोणती, एकके कोणती, रिकाम्या खणासाठी कोणता आकडा ठरला आहे. हीच कमांड डॅश के लावून चालवली की फाइल जुन्या क्लासिक प्रकारची आहे की नेटसीडीएफ-४ प्रकारची, हे कळते. या दोन प्रकारांत मोठा फरक आहे, कारण क्लासिक प्रकारात फाइलच्या आत दाबून साठवण्याची सोय नाही, आणि कित्येक जुने प्रोग्रॅम मात्र तोच एक प्रकार वाचतात.

प्रकार बदलण्याचे काम एनसीकॉपी करते. तिच्या डॅश के पर्यायाने नवा प्रकार सांगता येतो आणि डॅश डी पर्यायाने ० ते ९ यांपैकी दाबण्याची पातळी ठरते. दाबल्याने आकडे बदलतात का, ही शंका अनेकांना असते म्हणून स्पष्ट सांगतो: एकही आकडा बदलत नाही. डॅश एस हा पर्याय त्याच्या जोडीला द्यावा. १.८२, १.८४, १.८५ अशा शेजारच्या उंची साठवताना प्रत्येकीची पहिली बाइट तंतोतंत सारखी असते आणि शेवटच्या बाइट वेगवेगळ्या असतात. हा पर्याय साऱ्या पहिल्या बाइट एकत्र, साऱ्या दुसऱ्या एकत्र अशी मांडणी करतो, त्यामुळे दाबण्याला सारखेपणा सापडतो. पातळी ९ लावून जास्त वाट पाहण्यात मला अर्थ वाटत नाही. २ किंवा ३ पुरेशी होते.

खरा विचार करायचा तो डॅश सी या पर्यायाचा, कारण फाइलमधले तुकडे कोणत्या आकाराचे पडतील हे त्याने ठरते. एका तासाचा पूर्ण किनारा असा एक तुकडा असेल, तर नकाशा काढणे सोपे जाते. पण मिरकरवाड्याच्या एका खणाची १० दिवसांची मालिका हवी असेल, तर २४० च्या २४० तुकडे उघडावे लागतात, म्हणजे जवळजवळ अख्खी फाइल वाचावी लागते. त्याऐवजी वेळेला २४०, अक्षांशाला २० आणि रेखांशाला २० असे आकार दिले, तर तीच मालिका ३,८४,००० बाइटच्या एकाच तुकड्यात मिळते. आकडे तेच राहतात, फक्त ते मागण्याची रीत बदललेली असते. म्हणूनच तुकड्यांचा आकार मागणाऱ्याला विचारून ठरवावा.

आता आकड्यांच्या अचूकतेकडे येतो, कारण इथे आम्ही स्वतः फसलो आहोत. जागा वाचावी म्हणून आमच्याच एका स्क्रिप्टमध्ये आम्ही फाइलमधली सगळी चले ६४ बिटांवरून ३२ बिटांवर आणली, आणि त्यात वेळेचे चलही आले. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजले तर २०२० साली तो आकडा १५९ कोटींच्या घरात जातो, आणि एवढ्या मोठ्या आकड्याला ३२ बिटांत १२८ सेकंदांपेक्षा बारीक पायरी उरत नाही. परिणामी तासातासाचे अंतर कधी ३५८४ सेकंद, तर कधी ३७१२ सेकंद असे झाले आणि भरतीमापकाच्या नोंदींशी वेळा जुळेनात. उंचीला ३२ बिट भरपूर होतात, पण वेळेला हात लावू नये. एनसीडम्पने फाइल मजकुराच्या रूपात छापतानाही असेच घडते: मुळात ती ३२ बिटांच्या आकड्याचे ७ आणि ६४ बिटांच्या आकड्याचे १५ अर्थपूर्ण अंक छापते. त्या मजकुरावरून पुन्हा तीच फाइल घडवायची असेल, तर डॅश पी पर्यायाने ९ आणि १७ अंक मागून घ्यावेत.

आपल्या किनाऱ्यासाठी सर्वांत नाजूक प्रश्न जमिनीवरच्या खणांचा आहे. कोकणचा किनारा सरळ नाही. खाड्या, सडे आणि सुळके यांमुळे बंदरालगतच्या पाण्याच्या बहुतेक खणांना जमीन चिकटलेली असते. जमिनीसाठी कोणी उणे ९९९९ लिहितो, कोणी शून्य. जिओटिफ करताना जीडालवॉर्प या कमांडला डॅश आर बायलिनिअर दिले की ती शेजारच्या ४ खणांवरून नवे मूल्य काढते. समजा, तीन खणांत २ मीटरची लाट आहे, चौथा खण जमिनीचा आहे आणि तसे फाइलमध्ये जाहीर केलेले नाही. मधोमध पडलेल्या नव्या खणात उणे २४९८ मीटर येतील. ती चूक निदान डोळ्यांना दिसते. जमिनीसाठी शून्य असेल तर उत्तर येते १.५ मीटर; ते खरे वाटते, आणि अगदी बंदराच्या तोंडाशीच लाट अर्ध्या मीटरने बुटकी होते. म्हणून मूळ आणि नव्या फाइलमध्ये रिकाम्या खणाचा आकडा कोणता हे सांगणारे डॅश एसआरसीनोडेटा आणि डॅश डीएसटीनोडेटा हे दोन पर्याय कधीही गाळू नयेत. जमिनीसाठी शून्य वापरूच नये, कारण खाडीतल्या निवांत पाण्यात लाटेची खरी उंचीसुद्धा शून्य असू शकते.

काम झाल्यावर पडताळा घ्यायचा असतो. दोन्ही फाइली नेटसीडीएफ असतील, तर सीडीओ या हवामानाच्या फाइली हाताळणाऱ्या साधनाच्या डिफएन या क्रियेने त्या शेजारी ठेवाव्यात. प्रकार बदलून नुसते दाबले असेल, तर २४० नोंदींपैकी एकीतही फरक निघता कामा नये. सीडीओ चालवलेली कमांड फाइलच्या हिस्टरी या नोंदीत स्वतःच लिहून ठेवते; इतर साधने वापरली असतील, तर तीच कमांड आपण फाइलशेजारी साध्या मजकुरात जपावी. जिओटिफसाठी जीडालइन्फो डॅश स्टॅट्स लावून चालवावे आणि सर्वांत आधी किमान मूल्य पाहावे. लाटेची किमान उंची उणे आली, तर जमीन कुठेतरी पाण्यात मिसळली आहे असे समजून फाइल पाठवण्यापूर्वी मूळ फाइलच्या मथळ्याकडे परत जावे.