रोनच्या मुखापासून मार्सेयपर्यंत : गाळ, गोडे पाणी आणि मीठ

(दृश्य : आकाशातून दिसणारे रोन नदीचे मुख. समुद्रात शिरताच पश्चिमेकडे वळणारा गढूळ पाण्याचा पट्टा.)

स्वित्झर्लंडमधील एका हिमनदीतून निघून 812 किलोमीटर वाहत आलेली रोन नदी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर भूमध्य समुद्राला मिळते. तिचे गढूळ पाणी समुद्रात फार पुढे न जाता पश्चिमेकडे वळते, कारण या किनाऱ्यालगतचा सागरी प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. नकाशावर लहान वाटणाऱ्या या वळणाने इथल्या माणसांच्या अडीच हजार वर्षांच्या जगण्याला आकार दिला आहे. पश्चिमेला गाळ साचत गेला आणि सपाट, दलदलीची, खारावलेली भूमी तयार झाली. पूर्वेला, नदीच्या मुखापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर, चुनखडीच्या डोंगरांत शिरलेली एक चिंचोळी खाडी मात्र गाळापासून वाचली आणि खोल राहिली. नदीच्या व्यापाराला जवळ आणि नदीच्या चिखलापासून दूर अशा त्या खाडीभोवती मार्सेय हे शहर वसले. मराठी वाचक त्याला मार्सेलिस या नावाने ओळखतात. आज हा प्रदेश ज्या जिल्ह्यात मोडतो, त्याचे नावच ‘बूश-द्यु-रोन’, म्हणजे ‘रोनची मुखे’ असे आहे.

पश्चिमेकडून सुरुवात करू. आर्ल या गावापाशी रोनचे दोन फाटे होतात, थोरली रोन आणि धाकटी रोन, आणि त्या दोहोंच्या मध्ये कामार्गचा त्रिभुज प्रदेश पसरलेला आहे. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावापुरतीच असल्यामुळे नदीने आणलेला गाळ मुखापाशीच राहतो, लाटा तो किनाऱ्याला समांतर पसरवतात, आणि वाळूच्या त्या दांड्यांमागे उथळ खाजणे तयार होतात. वाकारेस हे त्यांतले सर्वांत मोठे. पांढरे घोडे, काळे बैल आणि रोहित पक्ष्यांचे थवे यांच्यामुळे कामार्गची छायाचित्रे जगभर गेली आहेत.

कामार्गच्या पूर्वेला लागूनच क्रोचे माळरान आहे, आणि तेथे पाऊल ठेवताच डोळ्यांना दिसतात फक्त गोटे. ड्युरान्स ही आल्प्समधून येणारी नदी हजारो वर्षांपूर्वी येथूनच थेट समुद्राला मिळत असे. पुढे तिने मार्ग बदलला, ती आव्हिन्योजवळ रोनला जाऊन मिळाली, आणि तिने वाहून आणलेले गोलसर दगड मागे उरले. प्राचीन ग्रीकांना या गोट्यांचे इतके नवल वाटले की, हेराक्लीसला शत्रूशी लढताना दगड कमी पडू नयेत म्हणून झ्यूसने येथे दगडांचा पाऊस पाडला, अशी कथा त्यांनी रचली.

या साऱ्या सपाटीवर उत्तरेकडून मिस्त्राल हा कोरडा, थंड वारा येतो. बिस्केच्या उपसागरावर हवेचा दाब वाढलेला आणि जेनोआच्या आखातावर तो उतरलेला असला की, रोनच्या चिंचोळ्या खोऱ्यातून हवा जोराने खाली ओढली जाते आणि तिचा वेग कधी ताशी 100 किलोमीटरच्याही वर जातो. म्हणून इथल्या जुन्या शेतघरांच्या उत्तरेकडील भिंतीला सहसा खिडकी नसते, आणि शेतांच्या कडेने सायप्रसच्या झाडांच्या दाट रांगा उभ्या असतात.

(दृश्य : मार्सेयचे जुने बंदर. पहाटेचा मासळी बाजार.)

इसवी सनपूर्व 600 च्या सुमारास आशिया मायनरमधील फोकाया या नगरातून आलेल्या ग्रीक दर्यावर्दींनी या खाडीवर वसाहत केली आणि तिला मासालिया म्हटले. भूगोलकार स्ट्रेबो सांगतो की, इथली जमीन ऑलिव्ह आणि द्राक्षांना मानवणारी होती, पण खडकाळपणामुळे धान्य फारसे पिकत नसे, आणि म्हणून या लोकांनी जमिनीपेक्षा समुद्रावर अधिक भरवसा ठेवला. दारू, तेल आणि मातीची भांडी नदीमार्गे वर जात, आणि उत्तरेकडचे कथील खाली येई. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात पिथियस नावाचा इथलाच एक नाविक ब्रिटनच्याही उत्तरेपर्यंत जाऊन आला होता.

नदी मात्र आपल्या स्वभावाप्रमाणे मुख बुजवत राहिली. इसवी सनपूर्व 104 ते 102 या काळात ट्यूटन टोळ्यांची वाट पाहत थांबलेल्या रोमन सेनापती मारियसला रसद पोहोचेना, तेव्हा त्याने सैनिकांकरवी गाळाला वळसा घालणारा एक कालवा खोदून घेतला. युद्ध संपल्यावर तो कालवा त्याने मासालियाला बक्षीस दिला, आणि जहाजांकडून जकात घेऊन शहर श्रीमंत झाले. लॅटिनमध्ये चराला ‘फोसा’ म्हणतात, आणि त्या शब्दावरून किनाऱ्यावरील एका गावाचे नाव फोस पडले. हे नाव लक्षात असू द्यावे, कारण दोन हजार वर्षांनी मार्सेय पुन्हा त्याच जागी परतणार आहे.

सीझर आणि पॉम्पी यांच्या यादवीत मासालियाने पॉम्पीची बाजू घेतली. इसवी सनपूर्व 49 मध्ये सीझरने वेढा दिला, त्यासाठी आर्लमध्ये लाकूड तोडल्यापासून तीस दिवसांत बारा युद्धनौका तयार करून घेतल्या आणि शहर जिंकले. त्यानंतर आर्लचे दिवस आले. तिथले वीस हजार प्रेक्षकांचे दगडी रंगमंडल आजही वापरात आहे.

मधल्या शतकांतून आपण झपाट्याने पुढे येऊ. 1481 मध्ये प्रोव्हान्स, म्हणजे हा सारा प्रदेश, फ्रान्सच्या राजाकडे आला, आणि 1669 मध्ये चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने मार्सेयला करमुक्त बंदर केले. पूर्व भूमध्य समुद्राकडचा कापूस, कापड, धान्य आणि मसाले येथे उतरू लागले. याच व्यापारात या शहराची सर्वांत मोठी जखम दडलेली आहे. 25 मे 1720 रोजी ‘ग्रां-सेंत-आंत्वान’ हे जहाज कापड आणि कापूस घेऊन आले. प्रवासातच त्यावर माणसे दगावली होती. विलगीकरणाचे नियम कडक होते आणि आरोग्य अधिकारी ते जाणतही होते. पण जुलैमधली, रोनकाठच्या बोकेर गावची मोठी व्यापारी जत्रा तोंडावर आली होती, मालात शहराच्या कारभाऱ्यांचे हितसंबंध गुंतले होते, आणि तो माल निर्जन बेटावर न ठेवता किनाऱ्यावरच्या गोदामांत उतरवण्यात आला. प्लेग शहरात शिरला. सुमारे 90,000 वस्तीच्या या शहरातील निम्म्याच्या आसपास माणसे मेली. नियम पुस्तकात असूनही पाळले गेले नाहीत, याचे दुःख त्या वर्षाच्या नोंदी वाचताना आजही जाणवते.

(दृश्य : साबणाचा कारखाना. मोठ्या कढया, फरशीवर ओतलेला साबण, वड्यांवर उमटणारा ठसा.)

मार्सेयचा साबण म्हणजे या सगळ्या भूगोलाचा अर्क म्हणता येईल. तेल ऑलिव्हच्या बागांतून येई, आणि सोडा खारावलेल्या जमिनीवर उगवणाऱ्या वनस्पती जाळून मिळे. 1688 च्या राजाज्ञेने ऑलिव्हखेरीज दुसरी चरबी वापरण्यास बंदी घातली. एकोणिसाव्या शतकात मिठापासून सोडा करण्याची रीत रूढ झाली, तेव्हा कामार्गच्या मिठागरांचे महत्त्व एकदम वाढले, आणि सालँ-द-जिरो येथे कामगारांची विटांची आखीव वसाहत उभी राहिली. तेलाची गरजही इतकी वाढली की, स्थानिक ऑलिव्ह पुरेना. मग सेनेगालचा आणि पाँडिचेरीच्या बंदरातून चढवलेला मद्रास इलाख्यातला शेंगदाणा, तीळ आणि खोबरे मार्सेयच्या घाण्यांत येऊ लागले. दक्षिण भारतात भुईमुगाखालचे क्षेत्र वाढण्यामागे मार्सेयची ही मागणी हे एक मोठे कारण होते.

व्यापार वाढला तरी शहर तहानलेलेच होते. 1834-35 च्या पटकीच्या साथीने आणि दुष्काळाने ते उघडे पडले, आणि ड्युरान्सचे पाणी शहरात आणण्याचा निर्णय झाला. फ्रांत्स मायोर द माँत्रिशे या तरुण अभियंत्याने 80 किलोमीटरहून लांब कालवा आखला आणि रोकफाव्हूर येथे दरी ओलांडण्यासाठी 83 मीटर उंचीचा तीन मजली दगडी जलसेतू बांधला. 1849 मध्ये पाणी शहरात पोहोचले. क्रोच्या माळावर हेच काम तीनशे वर्षे आधी सुरू झाले होते. आदाम द क्रापोन याने 1554 मध्ये परवानगी घेऊन ड्युरान्सपासून कालवा काढला. त्या गढूळ पाण्याने गोट्यांवर मातीचा थर चढत गेला आणि तेथे गवताची कुरणे झाली. तिथल्या वाळल्या गवताला 1997 मध्ये नियंत्रित उत्पत्तिस्थानाचा दर्जा, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्याच मालाला ते नाव लावण्याचा अधिकृत हक्क, मिळाला. जनावरांच्या चाऱ्याला हा मान मिळण्याची फ्रान्समधील ती पहिलीच वेळ होती. शेतांत सोडलेले हेच पाणी झिरपून माळाखालचे भूजल भरते, म्हणजे गवत वाळवणाऱ्या शेतकऱ्याच्या पाटावर आसपासच्या गावांच्या नळाचे पाणी अवलंबून आहे.

(दृश्य : ला जोलिएतच्या गोद्या. जुन्या आगबोटींची छायाचित्रे.)

1830 मध्ये फ्रान्सने अल्जीरियावर स्वारी केली, 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला, आणि जुन्या खाडीच्या उत्तरेला ला जोलिएत येथे नव्या गोद्या उभ्या राहिल्या. मुंबईहून निघालेली टपालबोट येथे थांबे, आणि घाईचे प्रवासी बिस्केच्या उपसागराचा फेरा टाळून रेल्वेने फ्रान्स ओलांडत. शहराच्या उत्तरेकडील सँ-आंरी आणि लेस्ताक येथील मातीची, एकमेकांत अडकणारी चपटी कौले जहाजांतून जगभर गेली. याच घडणीची कौले बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने 1865 पासून मंगळूरला भाजण्यास सुरुवात केली, आणि कोकणातल्या घरांवर आपण ज्यांना मंगलोरी कौले म्हणतो ती हीच.

लंडन ते मुंबई या सागरी वाटेवरचा थांबा म्हणूनच ‘मोरिया’ ही बोट येथे नांगरलेली होती, आणि 8 जुलै 1910 च्या सकाळी कैदेत असलेले विनायक दामोदर सावरकर बोटीच्या गोल खिडकीतून समुद्रात उतरले आणि पोहत धक्क्याला लागले. फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून ब्रिटिश पहाऱ्याच्या स्वाधीन केले. परक्या भूमीवर झालेली ही अटक वैध होती का, हा प्रश्न हेगच्या लवादापुढे गेला. 24 फेब्रुवारी 1911 च्या निवाड्याने अटकेतील अनियमितता मान्य केली, तरी कैदी परत करण्याचे बंधन ब्रिटनवर ठेवले नाही. पुढे 1914 च्या शरद ऋतूत, पहिल्या महायुद्धात, पश्चिम आघाडीवर जाणारे हिंदी सैनिक याच धक्क्यांवर उतरले. त्यांतल्या मृतांचे स्मारक शहरातील माझार्ग येथील दफनभूमीत आहे. सप्टेंबर 1931 मध्ये गोलमेज परिषदेला निघालेले महात्मा गांधी ‘राजपुताना’ बोटीतून येथेच उतरले.

आता पुन्हा कामार्गकडे जाऊ, कारण तिथली एक गोष्ट सांगायची राहिली आहे. 1856 च्या महापुरानंतर नदीला बांध घातले गेले, आणि 1859 मध्ये समुद्राकडचाही बांध पुरा झाला. पूर थांबले, पण पुराचे गोडे पाणीही थांबले आणि जमिनीतले मीठ वर येऊ लागले. त्यावर उपाय भाताचा. खाचरात नदीचे पाणी उभे ठेवले की, मीठ खाली दबते. हे पीक खऱ्या अर्थाने रुजले ते दुसऱ्या महायुद्धात, आणि ते रुजवणारे हात व्हिएतनामी होते. 1939-40 मध्ये फ्रान्सने इंडोचीनमधून सुमारे 20,000 माणसे दारूगोळ्याच्या कारखान्यांसाठी सक्तीने आणली. फ्रान्सचा पराभव झाल्यावर त्यांतल्या काही शेकडो जणांना कामार्गच्या खाचरांत लावण्यात आले. रोवणी आणि पाण्याचे गणित त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. मोबदला मात्र जेमतेम मिळाला, आणि त्यांचे नाव कित्येक दशके कोणी घेतले नाही. सालँ-द-जिरोमध्ये त्यांचे स्मारक उभे राहायला 2014 साल उजाडावे लागले.

(दृश्य : रात्रीचे फोस. भट्ट्यांच्या ज्वाळा, कंटेनरच्या रांगा.)

1962 मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला. लाखो विस्थापित मार्सेयच्या धक्क्यावर उतरले आणि वसाहतींच्या मालावर चालणाऱ्या तेलघाण्यांचा आधार तुटला. सरकारने उत्तर शोधले ते मारियसच्या कालव्याच्या जागी. 1960 च्या दशकात फोसच्या आखातात खोल बंदर खोदले गेले, तेलाची नळवाहिनी जर्मनीतील कार्ल्सरूहपर्यंत पोहोचली, आणि 1974 मध्ये पोलादाच्या कारखान्याच्या भट्ट्या पेटल्या. मार्सेय आणि फोस मिळून हे बंदर आज वर्षाला साधारण 7 कोटी टन माल हाताळते. शेजारच्या बेर खाजणाने याच काळात वेगळी किंमत मोजली. 1966 मध्ये सँ-शामा येथील जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि ड्युरान्सचे अफाट गोडे पाणी या निमखाऱ्या खाजणात पडू लागले. तळाशी प्राणवायू उरला नाही, सागरी गवत आणि शिंपले मेले, आणि 2004 मध्ये युरोपीय न्यायालयाने फ्रान्सला दोषी ठरवले. क्रोच्या गोट्यांवर ज्या पाण्याने कुरणे फुलवली, त्याच पाण्याने बेरच्या खाजणाचा तळ ओसाड केला.

खुद्द मार्सेय शहरात आता वेगळा माल उतरतो. मुंबईहून निघणाऱ्या समुद्राखालच्या माहितीवाहक तारा, त्यांत 2010 ची ‘आय-मी-वी’ ही केबल, मार्सेयलाच जमिनीवर येतात. फेब्रुवारी 2025 मध्ये भारताचा वाणिज्य दूतावासही येथे उघडला.

(दृश्य : कालांकचे पांढरे कडे. पाणबुड्याच्या दिव्यात उजळलेली गुहेची भिंत.)

शहराच्या पूर्वेला कालांक नावाच्या चुनखडीच्या चिंचोळ्या खाड्या आहेत. तेथे पाण्याखाली 37 मीटरवर एका गुहेचे तोंड आंरी कोस्केर या पाणबुड्याला 1985 मध्ये सापडले, आणि आतली चित्रे 1991 मध्ये जगाला कळली. माणसांच्या हातांचे ठसे, घोडे, सील, आणि पुढे नामशेष झालेले, उडू न शकणारे थोरले ऑक हे समुद्रपक्षी. सर्वांत जुनी चित्रे सुमारे तेहतीस हजार वर्षांपूर्वीची. ती काढली गेली तेव्हा समुद्र शंभर मीटरहून अधिक खाली होता आणि किनारा कित्येक किलोमीटर दूर. आज पाण्याची पातळी वाढते आहे तशा चित्रांच्या खालच्या रेषा पुसल्या जात आहेत.

पश्चिमेला हाच समुद्र जमीन मागतो आहे. ड्युरान्स आणि रोन यांच्यावरील धरणांमागे गाळ अडकून राहतो, किनाऱ्याला पूर्वीइतकी माती मिळत नाही. एकोणिसाव्या शतकात आत, जमिनीवर बांधलेले फारामानचे जुने दीपगृह 1917 मध्ये लाटांनी गिळले. कामार्गच्या किनाऱ्यावरील सेंत-मारी हे गाव, ज्याचे मध्ययुगीन चर्च एकेकाळी किनाऱ्यापासून बरेच आत होते, आता दगडी बांधांच्या आडोशाला बसले आहे. सालँ-द-जिरोजवळची सुमारे 6,500 हेक्टर जुनी मिठागरे किनारा-संरक्षण संस्थेने 2008 पासून टप्प्याटप्प्याने विकत घेतली. तेथे समुद्राने फोडलेले बांध आता पुन्हा बांधले जात नाहीत. वादळात लाटा आत येतात, जुन्या वाफ्यांच्या सरळ रेषा वाळूखाली जातात, आणि हिवाळा सरला की, त्या वाळूवर कुररी पक्षी अंडी घालतात.