पिजन क्रीकचा उंचवटा : लिंकन कुटुंबाची दफनभूमी

[दृश्य : झाडीतला बुटका उंचवटा, कुंपणाआड एक दगड]

निवेदन :
अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या दक्षिण भागात, स्पेन्सर काउंटीत हा उंचवटा आहे. डिसेंबर १८१६ मध्ये थॉमस लिंकन केंटकी सोडून बायको नॅन्सी, मुलगी सेरा आणि सात वर्षांचा मुलगा अब्राहम यांच्यासह या परिसरात आला. चहूकडे दाट जंगल. झाडं तोडायची, ओंडक्यांची खोपटी उभारायची आणि मग कुठे मका पेरायचा.

अशा नव्या वस्तीत सुरुवातीला ना चर्च असायचं, ना गावाची स्मशानभूमी. माणूस गेलं की आपल्या किंवा शेजाऱ्याच्या जमिनीत पुरायचं. जागा मात्र विचार करून निवडत : पाणी साचू नये म्हणून उंचावर आणि खांद्यावरून शवपेटी नेता येईल इतकी घराजवळ. हा उंचवटा लिंकनच्या खोपटीपासून साधारण चारशे मीटरवर, दक्षिणेला आहे.

[दृश्य : सावलीतलं पांढऱ्या फुलांचं रोप, जवळून]

१८१८ च्या सप्टेंबरात नॅन्सीची मावशी एलिझाबेथ आणि तिचा नवरा थॉमस स्पॅरो, दोघंही दगावले. नॅन्सीला त्यांनीच वाढवलं होतं. शेजारच्या ब्रूनर यांची पत्नीही त्याच आजारात गेली. पाठोपाठ ५ ऑक्टोबरला नॅन्सी गेली. वय सुमारे पस्तीस.

आजार आला होता दुधातून. व्हाइट स्नेकरूट हे रोप जंगलाच्या सावलीत वाढतं. उन्हाळ्याच्या शेवटी गवत वाळलं की मोकाट गाई झाडीत शिरतात आणि ते खातात. त्यातलं विष दुधात आणि लोण्यात उतरतं. दुभत्या गाईच्या अंगातून ते दुधावाटे बाहेर पडत असल्यामुळे गाय पुष्कळदा ठणठणीत दिसते. बाधतं ते वासराला आणि दूध पिणाऱ्या माणसाला. आधी गळाठा, मग उलट्या, बद्धकोष्ठ, श्वासाला विशिष्ट वास आणि शेवटी बेशुद्धी. हे विष वेगळं काढून त्याचा शास्त्रीय खुलासा झाला तो १९२८ च्या सुमाराला. तोवर चराईची जंगलं कमी होत गेली, अनेक गोठ्यांचं दूध एकत्र होऊ लागलं आणि आजार जवळपास दिसेनासा झाला.

[दृश्य : फळीतल्या छिद्रात ठोकली जाणारी लाकडी खुंटी]

नॅन्सीचा नवरा थॉमस लिंकन स्वतः सुतार. शवपेटी त्यानेच केली आणि नऊ वर्षांच्या अब्राहमने तिच्यासाठी लाकडी खुंट्या तासून दिल्या, असं परंपरेने सांगितलं जातं. जंगलात लोखंडी खिळे महाग, म्हणून सांधे खुंट्यांवरच धरायचे. गिरमिटाने छिद्र पाडायचं आणि त्यात खुंटी ठोकायची. खुंटी वाळलेली हवी. फळी ओली असली तरी चालतं, कारण ती वाळताना आवळते आणि खुंटीला घट्ट धरते. उलट केलं, तर खुंटीच आटते आणि सांधा सैल होतो.

नॅन्सीच्या थडग्यावर तेव्हा नाव कोरलेला दगड बसला नाही. पहिल्या वस्तीकरांमध्ये हे नेहमीचंच होतं. डोक्याकडे आणि पायाकडे शेतातला एकेक धोंडा, एवढीच खूण. पुढे पेटी कुजते, झाकण आत कोसळतं आणि वरची माती खचते. म्हणूनच जुनी दफनभूमी शोधताना दगडांआधी पूर्व-पश्चिम लांबट खळगे पाहावेत. ख्रिस्ती रिवाजाने डोकं पश्चिमेला असतं. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात हे खळगे स्पष्ट उठतात, भर दुपारी दिसत नाहीत.

सेराही फार जगली नाही. २० जानेवारी १८२८ ला बाळंतपणात तिचा अंत झाला. तिचं थडगं जवळच्या लिटल पिजन बॅप्टिस्ट चर्चच्या आवारात आहे. १८३० मध्ये लिंकन कुटुंब इलिनॉयला गेलं. १८४४ च्या निवडणूक प्रचारात अब्राहम या भागात आला. जिथे आई आणि एकुलती एक बहीण पुरली आहे तो हा परिसर, असं त्याने १८४६ च्या एका पत्रात नोंदवलं.

[दृश्य : दगडावरची अक्षरं]

नॅन्सीच्या थडग्यावर आज दिसणारा दगड १८७९ चा. खर्च इंडियानातल्याच साउथ बेंड शहरातले उद्योजक पी. ई. स्टूडबेकर यांनी केला. मृत्यूला तेव्हा एकसष्ट वर्षं झाली होती आणि जागा ठरली ती जुन्या रहिवाशांच्या आठवणीवरून. म्हणून दगड आहे त्याच बिंदूखाली नॅन्सी आहे, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे सजावटीची हौस झाली. १९२७ मध्ये उद्यानांचे आराखडे करणारे वास्तुरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड धाकटे यांनी परिसराचा आराखडा केला, त्यात साधेपणावर भर होता. तेच योग्य होतं, कारण वस्तीकरांच्या दफनभूमीला बागेचं रूप दिलं की तिच्या जुन्या खुणा ओळखता येत नाहीत. १९६२ पासून हे राष्ट्रीय स्मारक आहे.

असे जुने दगड स्वच्छ करताना ब्लीच, तारेचा ब्रश आणि दाबाचं पाणी वर्ज्य. दगड आधी पाण्याने भिजवायचा, मग मऊ ब्रशने खालून वर घासायचा आणि प्रत्येक टप्प्यावर धुऊन काढायचा. वरून सुरुवात केली तर मळाचे ओघळ खालच्या कोरड्या भागावर डाग धरतात. पुसट अक्षरं वाचायला खडू किंवा शेव्हिंग क्रीम लावू नये. आरसा धरून बाजूने ऊन पाडलं की अक्षरांच्या सावल्या उठतात. तुटलेला दगड सिमेंटने जोडू नये, कारण सिमेंट दगडापेक्षा कडक असतं आणि पुढची चीर दगडालाच जाते. त्यासाठी चुन्याचा मसाला बरा. आत लोखंडी सळई तर मुळीच नको, गंजली की ती फुगते आणि दगड आतून फोडते.