३२ हत्यारांची पेटी

(टेबलावर उघडी पेटी. कॅमेरा एकेका खाचेवरून सरकतो.)

३२ नग. स्पंजच्या गादीत प्रत्येकाला आपापली खाच, सगळं कसं चकचकीत. चामड्याचं काम शिकायचं मनात आलं आणि त्याच आठवड्यात मी ही पेटी ऑनलाइन मागवली. आतल्या निम्म्या वस्तूंची नावंही तेव्हा मला सांगता आली नसती.

आता हा चाकू बघा. कातडं दीड मिलिमीटर जाड आहे, पाकिटाला लागतं तसं. पातं आत शिरत नाही, वरून फरफटतंय. कड उंदरानं कुरतडल्यासारखी. ही भोकं पाडायची दातेरी छिन्नी. हिचा कोपऱ्यातला दात दुसऱ्याच दिवशी वाकला. हे टाक्यांच्या खुणा करायचं चाक. फिरताना डुगडुगतं, त्यामुळे खुणांची रांग दारू पिऊन निघाल्यासारखी. ३२ पैकी आज माझ्या टेबलावर चारच उरलीत.

(कोल्हापूर, सुभाषनगर. दारातली बादली. मग हात.)

बादलीत भिजत घातलेत ते चपलांचे तळ. म्हशीचं कातडं. त्या चपला करणाऱ्या काकांना चेहरा कॅमेऱ्यात नको होता, म्हणून पुढची काही मिनिटं तुम्हाला त्यांचे हातच दिसतील.

पेटी मी हौसेनं सोबत नेली होती. काकांनी चाकू उचलला, अंगठ्याच्या नखावर टेकवला आणि परत खाचेत ठेवून दिला. म्हणाले, "पोरास्नी खेळायचं हाय का ह्ये?"

मग त्यांनी स्वतःचं हत्यार पुढं केलं. रापी. पसरट पोलादी पातं, आखूड मूठ, पुढच्या काठाला धार. आपल्याकडे चामड्याचं काम करणाऱ्या बहुतेकांच्या हाताशी ही असतेच. हिच्यानंच कातडं कापायचं, हिच्यानंच कड छिलून पातळ करायची. बघा, पट्टीची कड छिलताना रापी अंगाकडे ओढत नाहीत, पुढं ढकलतात. कातड्याची साल निघते ती कांद्याच्या पापुद्र्यासारखी, पलीकडचं बोट दिसेल इतकी पातळ. एकदाही तुटली नाही. हा शॉट आम्ही कापलेला नाही, पूर्ण ठेवलाय.

या पातळ केलेल्या कडा एकावर एक बसतात, म्हणून जोड फुगत नाही. आणि तळाचे थर शिवले जातात ते चामड्याच्याच वादीनं. अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो.

मी म्हटलं, मलाही अशीच एक रापी हवी. काकांनी विचारलं, "दगड हाय का घरात?"

कसला दगड?

"धार लावायचा. न्हाई? मग रापी घिऊन काय करनार?"

(दगडावर पाणी. पातं. फक्त आवाज, मग निवेदन.)

तर शिकवणीचा पहिला दिवस चामड्याला हात न लावता गेला. दगड भिजवायचा. पातं साधारण पंधरा-वीस अंशांत टेकवायचं, आणि तो कोन मनगटानं धरून ठेवायचा. अवघड तेवढंच आहे. मनगट डुललं की धार गोल होते. एका बाजूनं घासत राहिलं की पलीकडच्या काठावर पोलादाची बारीक लव उठते. डोळ्यांना दिसत नाही, नखाला लागते. ती काठभर सलग लागली, की पातं उलटायचं.

शेवटी चामड्याचा पट्टा. जुन्या सलूनमध्ये वस्तरा ज्यावर मारायचे, तसाच. पट्ट्यावर पातं मागे ओढायचं, धारेच्या दिशेनं गेलात तर पट्टाच कापला जाईल. (हो, मी कापला. ते फुटेज आहे, पण दाखवत नाही.)

आता त्याच पेटीतला तोच चाकू. आम्ही मुद्दाम तोच घेतला. दगडावर चाळीस मिनिटं, मग पट्टा. आणि हे तेच दीड मिलिमीटरचं कातडं.

(चाकू कातड्यातून जातो. शांतता.)

पोलाद अगदीच हलकं असल्यामुळे ही धार दोन पट्ट्या कापेपर्यंतच टिकली, हेही सांगायला हवं. पण मला विचाराल तर पहिला खर्च दगडावर करा, दुसरा एका बऱ्या पात्यावर. पेट्या विकणारे नेमकं हेच सांगत नाहीत.

(धारावी. चामड्याच्या गुंडाळ्या, रंगांची रांग.)

चामडं चौरस फुटावर मिळतं, कात्रणं बहुतेक किलोवर. शिकताना कात्रणंच घ्यावीत. फक्त एक गोष्ट तपासा. बाजारातलं बहुतेक चामडं क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. मऊ, रंगीत, पर्सला छान. झाडांच्या साली-फळांतल्या टॅनिननं कमावलेलं निराळं. कोल्हापुरीचं पारंपरिक कातडं बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावतात. हाताकामाला मला तेच आवडतं.

ओळखायचं कसं? हा पाण्याचा थेंब. डावीकडे क्रोमचं, थेंब वर बसून राहिला. उजवीकडे सालीचं, थेंब आत गेला आणि डाग गडद झाला. आता ओल्या जागी नख दाबूया. उजवीकडे खूण तशीच राहिली. आणि कापलेली कड बघा, क्रोमच्या आत बऱ्याचदा ही निळसर करडी रेघ दिसते. दुकानदारानं वर चढवलेला फिनिशचा थर जाड असेल तर थेंब फसवतो. तेव्हा कड बघायची.

(टेबल. दोन सुया, एक दोरा.)

माझी आताची हत्यारं. एक पातं. पोलादी फूटपट्टी. चार मिलिमीटर अंतराच्या दोन छिन्न्या, सरळ ओळीला सहा दातांची, वळणाला दोन दातांची. लाकडी मोगरी, लोखंडी हातोडीनं ठोकलं तर छिन्नीचा माथा फुलतो. मेण लावलेला दोरा. आणि दोन बोथट सुया. बोथटच हव्यात, भोक आधीच पाडलेलं असतं, टोकदार सुई आतला दोरा फाडते.

दोरा शिवणीच्या चौपट लांब घ्यायचा, वर वीतभर. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया जातात, समोरासमोरून. शिलाई मशीनचा एक टाका तुटला की शेजारचे सुटू लागतात. इथं एक तुटला तरी दुसऱ्या बाजूचा दोरा धरून असतो.

नियम एकच. आधी कुठल्या बाजूची सुई घालायची ते ठरवायचं आणि शेवटपर्यंत बदलायचं नाही. मध्येच फोन वाजला. तो बघा, आवाज आलाय. मी सुया खाली ठेवल्या, बोलले आणि परत उचलल्या.

मग कडा. आधी घासकागद, मग बोटानं थोडं पाणी, मग लाकडाची गोल घोटणी, गरम लागेपर्यंत. केसाळ कड हळूहळू काचेसारखी होते. क्रोमच्या चामड्यावर हे साधत नाही, कितीही घोटा.

(सुभाषनगर, संध्याकाळ. रचून ठेवलेल्या चपला.)

२०१९मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. २०१५च्या गोवंश हत्याबंदीनंतर कातडं मिळणं अवघड झालं. काकांच्या दोन्ही मुलांनी हे काम घेतलेलं नाही. माझ्या घरी हे टेबल आलं तेव्हा आईनं विचारलं होतं, "हे आपल्याकडे कशाला?" तिचं बोलणं चित्रित केलेलं नाही.

(काकांच्या हातात चष्म्याचं चामडी घर.)

हे मी केलेलं चष्म्याचं घर. रंगाबद्दल काका काही बोलले नाहीत, कडेबद्दलही नाही. त्यांनी ते उलटं केलं आणि मागच्या बाजूनं टाक्यांवरून नख फिरवत नेलं. एका जागी नख थांबलं.

"हितं सुई उलटी गेल्या."

पुढून काहीच दिसत नव्हतं. घरी येऊन मी फुटेज लावलं आणि फोन वाजेपर्यंतचे टाके मोजले. सतरा. काकांचं नख अठराव्यावर थांबलं होतं.