धुराड्यातून आलेली कुऱ्हाड

मित्रहो, ‘सायलेंट नाइट, डेडली नाइट’ हा सांताच्या वेशातल्या खुन्याचा भयपट वाईट आहे, हे आधीच सांगतो. पण ज्या कारणावरून त्याच्या नावाने खडे फोडले गेले, त्या कारणासाठी तो वाईट नाही.

९ नोव्हेंबर १९८४ला तो अमेरिकेत लागला. ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ हा गाजलेला भयपटही त्याच दिवशीचा, आणि पहिल्या शनिवार-रविवारचा गल्ला ‘सायलेंट नाइट’चा जास्त होता. पण टीव्हीवरच्या जाहिरातीत कुऱ्हाडवाला सांता पाहून पालक भडकले. थिएटरबाहेर फलक घेऊन उभे राहिले, नाताळची गाणी म्हणू लागले. समीक्षक जीन सिस्केल यांनी तर टीव्हीवर चित्रपट करणाऱ्यांची नावं वाचून दाखवत त्यांची जाहीर लाज काढली. वितरक ट्रायस्टार कंपनीने आधी जाहिराती थांबवल्या, मग चित्रपटच उतरवला.

जाहिरातीबद्दल पालकांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. खुनी सांता पडद्यावर आधीही येऊन गेला होता. १९७२च्या ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’मध्ये तो आहेच. पण तिथे तिकीट काढून जावं लागत होतं. इथे घरात, पोरांच्या डोळ्यांसमोर, टीव्हीवर कुऱ्हाडवाला सांता आला. पोस्टरवर तर धुराड्यातून नुसता हात वर आलेला, लाल बाही आणि मुठीत कुऱ्हाड. ज्या वाटेने भेटवस्तू यायच्या, तिथूनच हे आलं.

आता चित्रपट. सुरुवातीचा एक प्रसंग मी विसरू शकत नाही. छोटा बिली आईबाबांबरोबर मनोरुग्णालयात आजोबांना भेटायला गेलाय. आजोबा दगडासारखे बसलेले, हूं नाही की चूं नाही. आईबाबा बाहेर जातात, आणि म्हातारा मान वळवतो. नाताळची रात्र सगळ्यात भयंकर, म्हणतो. वर्षभर जे शहाण्यासारखे वागले नाहीत त्यांना सांता शिक्षा करतो. मोठी माणसं परत येतात, तेव्हा आजोबा पुन्हा दगड. पोराचं कोण ऐकणार? आपल्याकडे लेकरं झोपावीत म्हणून बागुलबुवा बोलावतात. इथे भेट देणाऱ्यालाच बागुलबुवा केलं. त्याच रात्री सांताच्या वेशातला एक लुटारू बिलीच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईबाबांना मारतो.

एवढा ऐवज हातात होता! पुढे अनाथाश्रमातली मदर सुपीरियर, म्हणजे मुख्य नन आहे, तिचा शिक्षेवरचा विश्वास आहे. मोठा झालेला बिली खेळण्यांच्या दुकानात सांता होऊन बसतो. मांडीवर रडणाऱ्या मुलीच्या कानात धमकी पुटपुटतो, ती गप्प होते, आणि मोठ्यांना वाटतं, काय छान सांभाळतो हा मुलांना! इथपर्यंत चित्रपटाला काहीतरी कळलेलं असतं. मग सांताच्या वेशातला बिली खून करत सुटतो, आणि चित्रपट ते सगळं सोडून नुसते मुडदे मोजत बसतो. खून झाला, पुढचं घर. पुन्हा खून. भीती चढतच नाही, कारण मरणाऱ्याशी आपली धड ओळखही झालेली नसते. १९८७च्या दुसऱ्या भागात तर याच चित्रपटाची दृश्यं ढिगाने पुन्हा वापरली.

माझा खरा राग एका प्रसंगावर आहे. खून करून निघताना बिलीसमोर एक चिमुरडी येते. शहाण्यासारखी वागलीस का, तो विचारतो. ती हो म्हणते. तो तिच्या हातात खोकी कापायचं कटर ठेवतो, रक्ताने माखलेलं, नाताळची भेट म्हणून. म्हणजे दुसरा बिली आपल्यासमोर उभा आहे. आणि कॅमेरा तिला तिथेच सोडून पुढच्या खुनाकडे निघून जातो.