चैत्रातलं चहापान, सगळ्यांना चालेल असं

श्रोतेहो, नमस्कार.

चैत्रगौर बसली की अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघरी हळदीकुंकवाची आमंत्रणं सुरू होतात. हल्ली बऱ्याच घरी त्याचं चहापान होतं. पदार्थ टेबलावर मांडायचे, ज्यानं त्यानं वाढून घ्यायचं. पण येणाऱ्यांत एका घरी कांदा-लसूण वर्ज्य, एका काकूंना मधुमेह, कुणाला गहू चालत नाही, कुणाच्या लेकाला शेंगदाण्याची ॲलर्जी. मग घरची बाई प्रत्येकासाठी वेगळं काहीतरी करायला घेते आणि दमून जाते. माझं आग्रहाचं सांगणं आहे की तसं करू नका. आतून खास वाटी आणून हातात दिली की चारचौघांत त्या माणसाला अवघडल्यासारखं होतं. सगळ्यांना चालेल असाच बेत ठरवा, कांदा, शेव, साखर वरून घ्यायला शेजारी ठेवा.

आपला चैत्रातला जुना बेतच बघा ना. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, कलिंगडाच्या फोडी. यात गहू नाही, दूध नाही, कांदा-लसूण नाही, शेंगदाणा नाही. निम्मं काम झालेलंच आहे!

फक्त डाळीच्या फोडणीपाशी जरा थांबा. हिंगाची डबी घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. आपण रोज वापरतो तो बांधानी हिंग, आणि तो बांधायला बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा वापरतात. सीलिअक आजारात गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन सोसत नाही, त्यांना तेवढंही बाधतं. आपल्याकडे पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ छापायचं तर एका किलोत 20 मिलिग्रॅमहून जास्त ग्लुटेन चालत नाही, यावरून किती जपावं लागतं ते ध्यानात येईल. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो. नाही मिळाला तर मोहरी, हळद, मिरचीची फोडणी पुरे. रवा, मैदा, शेवया, दलिया हे सगळं गहूच. थालीपिठाच्या भाजणीतही बऱ्याच घरी गहू असतो. त्यापेक्षा दडपे पोहे करा, तांदळाचं घावन करा.

आमंत्रणाचा फोन कराल तेव्हा नुसतं “काय चालत नाही?” एवढंच विचारू नका. “वहिनी, थोडंसुद्धा चालत नाही का?” हेही विचारा. कारण प्रत्येकाचं पथ्य वेगळं. मधुमेहाच्या काकू आपलं प्रमाण जाणतात, त्यांना दोन घास कमी-जास्त करता येतात. व्रत किंवा धर्माचा नियम असेल तर भांडं, झारा, तळणीचं तेलही वेगळं लागू शकतं. आणि ॲलर्जीत नुसत्या चमच्यानं घात होतो. दाण्याच्या चटणीतला चमचा कुणीतरी सहज पोह्यांत घालतं, आपलं लक्षही नसतं, आणि त्या पोह्यांतलं एक पोर खातं. म्हणून शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं कुणी येणार असेल तर त्या दिवशी टेबलावर दाणेच नकोत. चिवड्यात डाळं आणि खोबऱ्याचे काप घाला. कुणाचा उपास असेल तर साबुदाण्याच्या खिचडीला कूट लागतंच, तेव्हा ती राहू द्या. फळं आणि दाणे न घातलेले राजगिऱ्याचे लाडू ठेवा.

जैन मैत्रिणींसाठी बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याचे वडे करा, छान होतात. अनेकजणी सूर्यास्तानंतर खात नाहीत. एप्रिलात आपल्याकडे सूर्य पावणेसात-सातच्या सुमारास मावळतो, म्हणून पाचलाच बोलवा, आणि साडेपाचला सगळे पदार्थ टेबलावर हवेत. काही घरी रात्रभर आंबवलेलंही चालत नाही, तेव्हा इडली-ढोकळ्याचं आधी विचारून घ्या.

गुळाचं पन्हं मधुमेहाला चालतं हा समज मात्र सोडून द्या. गूळही रक्तातली साखर वाढवतोच. कैऱ्या उकडून गर काढलात की त्याचे दोन भाग करा. एकात गूळ आणि वेलची, दुसऱ्यात मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. जिऱ्याचं पन्हं उन्हाळ्यात आधी संपतं, ते थोडं जास्तच करा.

चहाचंही तसंच. आलं हे कंद, ते जैनांना चालत नाही. सुंठ बहुतेकांना चालते. एका थर्मासात बिनसाखरेचा दुधाचा चहा, दुसऱ्यात गवती चहा घालून कोरा. साखर बाजूला, आणि तिचा चमचा कोरडा.

प्रत्येक पदार्थासमोर चिठ्ठी ठेवा. तिच्यावर पदार्थाच्या नावाखाली घटकही लिहा: पोहे, ओलं खोबरं, मिरची, लिंबू. विकतचं काही आणलं असेल तर शेवटचा पाहुणा जाईपर्यंत पाकीट टाकू नका. गहू, दूध, शेंगदाणे असतील तर तसं पाकिटावर छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. कुणी विचारलं तर “नसावं बहुतेक” असं म्हणू नका, पाकीटच हातात द्या.